चवीची मोजणी

साताऱ्यात पेढे करणारे मोजके, विकणारे त्याहून जास्त, आणि पेढ्यांवर बोलणाऱ्यांची तर गणतीच नाही. अण्णा या तिसऱ्या जमातीतले. या जमातीत शिरायला भांडवल लागत नाही, परवाना लागत नाही. समोर एक बाहेरगावचा माणूस असला की झालं. तो नाहीच मिळाला तर गावातलाच, पण नुकताच पुण्याला बिऱ्हाड हलवलेला चालतो. उलट तो जास्त चालतो. त्याला आधी चार शब्द सुनावता येतात.

अण्णांची सगळी नोकरी भूमी अभिलेख खात्यात गेली. लोकांच्या बांधावर साखळी टाकायची, मातीत गडप झालेले हद्दीचे दगड शोधायचे, हद्द कायम करून द्यायची आणि दोन भाऊ एकमेकांच्या अंगावर जायच्या आत चहा पिऊन निघायचं, हे काम त्यांनी महाबळेश्वरापासून जतपर्यंत केलं. निवृत्तीच्या दिवशी साखळी खात्यात जमा झाली, सवय मात्र घरी आली. आता ते चवीच्या हद्दी कायम करतात. भाकरीचा पहिला घास घेतला की डोळे मिटतात आणि निकाल देतात, “ही चटणी वाईची नव्हे. नागठाण्याच्या अलीकडची आहे, पण लसूण माणातला.” या मोजणीवर आजवर कुणी अपील केलेलं नाही. केलं तरी सुनावणी अण्णांपुढंच व्हायची.

अण्णांचे नियम तीन. पहिला वेळेचा. प्रत्येक पदार्थाला त्याचा मुहूर्त असतो आणि तो आपल्याला माहीत नसतो. मिसळ नऊच्या आत. नऊनंतर खाल्ली तर ती फक्त मटकी. भेळ राजवाड्याच्या चौपाटीवर, दिवेलागणीनंतर. पंधरा ऑगस्टला साताऱ्यात जिलबीसाठी रांगा लागतात. त्या रांगेत अण्णा सकाळी सातला उभे असतात, पण हेच अण्णा सोळा ऑगस्टला कुणी जिलबी पुढं केली तर ताट सरकवतात. “कालचा सण झाला की,” म्हणतात.

दुसरा नियम दुकानाचा. ‘आमची कोठेही शाखा नाही’ या पाटीवर त्यांचा विश्वास नाही. ज्याला शाखा काढायची ऐपत नाही तोही तीच पाटी लावतो, असं त्यांचं म्हणणं. खरं दुकान ओळखायची त्यांची खूण वेगळी: मालक गिऱ्हाइकाकडं बघत नाही. “या, बसा, काय देऊ?” असं कुणी हसून विचारलं की अण्णा पायरीवरूनच माघारी फिरतात. इतकं गोड बोलावं लागतंय म्हणजे पेढ्यात साखर कमी पडत असणार!

तिसरा नियम असा की पदार्थ गावातच खायचा, बांधून न्यायचा नाही. वेशीबाहेर गेला की त्याची चव उतरते. या नियमापायी अण्णांच्या मुंबईच्या बहिणीनं अनेक वर्षांत साताऱ्याचा पेढा पाहिलेला नाही. ती राखी पाठवते, अण्णा उलट टपाली आमंत्रण पाठवतात.

हे सगळं मला शेजारधर्मानं ठाऊक होतं. पण माझा भाचा सिंगापूरहून सुट्टीवर आला आणि म्हणाला, “मामा, यावेळी मला तुमच्याकडचं सगळं नीट खायचंय,” तेव्हा ते त्याच्या पोटाला ठाऊक झालं. भिंतीपलीकडून अण्णांचा आवाज आला, “पाव्हण्यांना सांगा, उद्या सकाळी उपाशी या.”

मोती चौकात आम्ही पोचलो तेव्हा दुकानाच्या मागच्या अंगाला भट्टी पेटलेली होती. मोठ्या कढईत खवा होता आणि एक माणूस मान खाली घालून उलथणं फिरवत होता. कंदी पेढ्याचं सगळं मर्म त्या कढईत. म्हशीचं दूध आटवून खवा करायचा ही झाली कुठल्याही गावची गोष्ट. साताऱ्यात तो खवा मंद आचेवर पुन्हा भाजतात. पांढऱ्याचा पिवळट, पिवळटाचा तांबूस, आणि करपायच्या एक बोट अलीकडं उतरवायचा. मग साखर, वेलदोडा, मळणी, वळणी. भाजताना पाण्याचा अंश उडून जातो म्हणून पेढा टिकतो, आणि म्हणूनच तो तोंडात चिकटत नाही. दाताखाली रवाळ लागतो आणि मागाहून भाजक्या दुधाचा वास येतो.

ही माहिती त्या माणसानं दिली नाही. ती अण्णांनी दिली, आणि द्यायला पाऊण तास घेतला. भाच्यानं मध्येच त्या माणसाला विचारलं, “काका, यात सीक्रेट काय आहे?” त्यानं उलथणं न थांबवता सांगितलं, “दूध बरं पायजे. हात थांबला न्हाई पायजे.” अण्णा किंचित नाराज झाले. इतक्या थोडक्यात सांगण्यासारखी ही गोष्ट नव्हती.

अखेर पेढा हातात आला. भाचा तोंड उघडणार तेवढ्यात अण्णांनी त्याचं मनगट धरलं.

“घाई नको, पाव्हणं. आधी वास. मग मोडायचा. मोडला की कडेला भेग कशी जाते ते बघायचं. सरळ गेली तर मळणी कमी. ही बघा, वाकडी गेली. आता जीभ. दात शेवटी.”

भाचा वास घेऊन, भेग पाहून जिभेपर्यंत पोचला तोवर अण्णांनी स्वतःच्या हातातला अर्धा पेढा तोंडात टाकला होता. त्यांना मधुमेह आहे. डॉक्टरांनी गोड बंद केलंय आणि वहिनींनी त्याची अंमलबजावणी हाती घेतली आहे. पण अण्णांच्या हिशेबात तपासणी ही खाण्यात धरत नाहीत. मोजणीदार शेतात गेला म्हणून त्यानं शेत खाल्लं असं कुणी म्हणतं का? तेव्हा या दुकानात अर्धा, पलीकडच्या दुकानात तुलनेसाठी अर्धा, आणि दोन्ही अर्ध्यांत निवाडा होईना म्हणून पुन्हा पहिल्या दुकानात एक अख्खा, असा तो दिवस गेला. भाच्याच्या वाट्याला मात्र एकच आला. “आता बास,” अण्णा म्हणाले. “दुसरा खाल्ला की पहिल्याची आठवण पुसते.”

अण्णांची ही सत्ता एकाच ठिकाणी चालत नाही, ते म्हणजे डंक. शिमगा झाला की वर्षाची कांदा-लसूण चटणी कुटायला बायका डब्यांतून भाजलेली मिरची, खोबरं, तीळ, धणे, तळलेला कांदा घेऊन डंकावर रांग लावतात. तिखटपणाला संकेश्वरी, रंगाला ब्याडगी, आणि कुणाच्या घरात कुठली किती घालायची हे त्या त्या सासूचं राज्य. अण्णा तिथंही पाहणीला गेले. एका डब्यात डोकावून म्हणाले, “खोबरं एक वळसा जास्त भाजलंय.” ती मावशी बोलली काहीच नाही. नुसती बाजूला सरकली आणि म्हणाली, “या की अण्णा. हितं उभं ऱ्हावा, आन सांगा कसं कुटायचं ते.” डंक खाली आला, तांबडा धुरळा वर आला, आणि अण्णा शिंकत शिंकत जे निघाले ते थेट पोवई नाक्यावर थांबले. मोजणीच्या कामात कधी कधी जागेवर जाता येत नाही, एवढंच त्यांनी या विषयावर नंतर सांगितलं.

पेढ्याच्या दुसऱ्या दिवशी सांगलीची स्वारी ठरली. सांगलीत अण्णांचे व्याही राहतात, त्यांना सगळे तात्या म्हणतात. अण्णांची लेक तात्यांच्या घरात दिलीय. लग्नाच्या बैठकीत हुंड्याचा विषयही निघाला नव्हता. बैठक अडली ती वऱ्हाडाला निरोपाचा पुडा पेढ्यांचा द्यायचा की भडंगाचा यावर. शेवटी दोन्ही दिले आणि वऱ्हाड खूश होऊन गेलं. दोन्ही व्याह्यांना अजून वाटतं की आपण हरलो.

गाडी भाच्यानं ठरवली. अण्णा पुढं बसले. नागठाणं गेलं, अतीत गेलं. “काहीतरी खाऊन घेऊ या का?” भाच्यानं विचारलं. “इथं? इथं काय आहे?” अण्णा म्हणाले. उंब्रजला ते लघुशंकेला उतरले तेवढ्यात भाच्यानं स्टँडसमोरून वडापाव आणला. अण्णा परत आले, दार उघडलं आणि तसेच उभे राहिले. वास लपत नाही.

“वडापाव,” ते हळहळून म्हणाले. “बेवारस पदार्थ. कुठल्या गावचा म्हणायचा हा?”

भाच्यानं उरलेला अर्धा कागदात गुंडाळून ठेवला. पुढं तो कधी खाल्ला गेला ते मी पाहिलं, पण बोललो नाही.

कराड जवळ आलं तसे अण्णा खुलले. “इथं कृष्णेला कोयना मिळते. प्रीतिसंगम. पाणी बदललं. पाणी बदललं की डाळ शिजायची रीत बदलते, डाळ बदलली की आमटी, आमटी बदलली की माणूस.” माणूस कसा बदलतो ते विचारल्यावर म्हणाले, “पुढं दिसेलच.” कासेगाव आलं तेव्हा त्यांनी गाडी हळू करायला लावली. इथून सांगली जिल्हा लागतो. भाच्याला वाटलं, आता काही खायला मिळणार. पण अण्णांना इतिहास सांगायचा होता.

1949 पर्यंत ही दोन वेगळ्या जिल्ह्यांची भानगडच नव्हती. वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके साताऱ्याचेच. संस्थानं विलीन झाली, सांगली, मिरज, जत वगैरे मुलूख आला, आणि साताऱ्याचा हा खालचा भाग त्याला जोडून ‘दक्षिण सातारा’ नावाचा जिल्हा केला. 1960 साली त्याला सांगली नाव मिळालं. अण्णा ही गोष्ट वाटणीत गेलेल्या वावराच्या सुरात सांगतात. येडेमच्छिंद्र वाळवा तालुक्यात. म्हणजे क्रांतिसिंह नाना पाटील जन्मले साताऱ्यात आणि त्यांचं गाव आता सांगलीत. प्रतिसरकार कुणाचं यावर दोन्ही व्याही एकदा रात्री दोनपर्यंत बसले होते. “सरकारनं कागदावर रेघ ओढली,” अण्णा म्हणाले, “पण मी काही सही केलेली नाही.”

इस्लामपूर आलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ‘अख्खा मसूर’च्या पाट्या. घरात आजारी माणसाला वरण करून घालायची ती गरीब डाळ. इथं ती सालासकट अख्खी शिजवून, कांदा-लसूण मसाल्यात परतून, वर तर्री आणून रोटीबरोबर ताटात ठेवतात, आणि महामार्गावरचे लोक त्यासाठी वाकडी वाट करतात. भाचा खिडकीला नाक लावून बसला होता. घड्याळात साडेअकरा झाले होते.

“अण्णा, इथं तर थांबू?”

“अख्खा मसूर रात्रीचा खायचा, पाव्हणं. दिवसा त्याला रंग येत नाही.”

आष्टा गेलं, तुंग गेलं, डिग्रज गेलं. सांगलवाडीहून गाडी आयर्विन पुलावर चढली. 1929 साली बांधलेल्या त्या दगडी पुलाखाली कृष्णा उन्हात पसरलेली. पलीकडच्या टोकाला तात्या छत्री घेऊन उभे. माझ्या मनात आलं, सुटलो. अण्णांचा नियम वेळेचा. सांगलीत हद्द संपली, नियम संपला. आता तात्या वाढतील.

पण कुठल्याही खाण्याच्या गावात अण्णा एकच नसतो. तात्यांचा धर्म तोच, पंथ तेवढा वेगळा. अण्णा वेळ पाहतात, तात्या मूळ पाहतात. “पदार्थ खायच्या आधी तो आला कुठनं ते बघायचं,” तात्या म्हणाले. “नुसतं गिळायला काय, जनावरं पण गिळतात. चला हरिपूरला.”

हरिपूरला कृष्णेत वारणा मिळते. संगमेश्वराचं देऊळ आहे. पण तात्यांना दाखवायची होती पेवं. जमिनीत खोल खड्डे, तोंड अरुंद, पोट मोठं. त्यात हळद भरून तोंड बंद करायचं आणि वर्षानुवर्षं विसरायचं. तिथल्या मातीत हळदीला कीड लागत नाही, म्हणून देशभरची हळद सांगलीच्या बाजारात यायची आणि भाव येईपर्यंत हरिपुरात निजायची. 2005 च्या महापुरात पेवांत पाणी शिरलं, पुष्कळशी ढासळली, आणि पुढं माल गोदामांत, शीतगृहांत जाऊ लागला. तात्यांनी हे सांगताना आवाज उतरवला. आम्ही तिघं एका बुजत आलेल्या खड्ड्याच्या काठावर, फाल्गुनाच्या उन्हात, दुपारी एकला, रिकाम्या पोटी उभे होतो. भाचा माझ्या कानात म्हणाला, “मामा, खायला काहीच नसलेली जागा दाखवायला आणलंय आपल्याला.”

तिथून मार्केट यार्डात. हळदीचे ढीग, हमालांचे पिवळे हात, तोलारांच्या पिवळ्या टोप्या. राजापुरी हळकुंड मोडून तात्यांनी आतला केशरी गाभा दाखवला. मग बेदाण्याचे सौदे. तासगाव, कवठेमहांकाळ, मिरज भागातली द्राक्षं शेडमध्ये सुकून इथं पेट्यांतून येतात. हिरवट, पिवळा, काळा, असे त्यांचे प्रकार ओळीनं मांडलेले. व्यापारी मूठ भरतो, तळहातावर पसरतो, दोन दाणे तोंडात टाकतो, उरलेले उधळतो आणि पुढच्या ढिगाकडं जातो. ही उधळण शेतकऱ्याला सलते. वजनात न धरलेला माल पायाखाली जातो म्हणून त्याची जुनी तक्रार आहे. तात्या आम्हाला ती तक्रार तपशिलानं समजावून देत होते. समजावून झाल्यावर पाहिलं तर भाचा शेजारी नव्हता. तो तीन ओळी पुढं होता. व्यापाऱ्यांच्या घोळक्यात मिसळून, तळहातावर दाणे पसरून, मान हलवत, दोन नव्हे तर मूठच्या मूठ तोंडात टाकत तो एकेक ढीग तपासत चालला होता. सौदा पुकारणाऱ्यानं त्याला आदरानं विचारलं, “पार्टी कुठली?” तो म्हणाला, “सिंगापूर.” लगेच त्याच्यापुढं आणखी चार पेट्या फुटल्या.

अण्णांनी हे कौतुकानं पाहिलं. “तपासणी चाललीय,” ते म्हणाले.

त्याच वेळी त्यांचा फोन वाजला. साताऱ्याहून वहिनी. “सकाळपासनं काय काय खाल्लं?” अण्णा म्हणाले, “काही नाही.” लग्नाला चाळीस वर्षं होत आली, या प्रश्नाला त्यांनी दिलेलं हे पहिलं खरं उत्तर असावं. वहिनींनी अर्थात विश्वास ठेवला नाही.

तात्यांच्या घरी पोचलो तेव्हा अडीच वाजून गेले होते. विहीणबाईंनी कुठलाही नियम न सांगता पानं मांडली. कृष्णाकाठची वांगी, काट्याच्या देठाची, दाण्याच्या कुटात भरलेली. ज्वारीची भाकरी तव्यावरून थेट पानात. खर्डा, दही, फोडलेला कांदा. वांग्याचा हंगाम सरत आला होता, बी धरायला लागलं होतं, असं त्याच म्हणाल्या. पण त्या वांग्याचं देठ चोखताना भाच्यानं जे डोळे मिटले त्यात मला अण्णांच्या निकालाची छटा दिसू लागली.

आमची जेवणं चालली होती तेव्हा दोघे व्याही भौगोलिक मानांकनावर आले होते.

“महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, 2010,” अण्णा म्हणाले. “कोरेगावचा वाघ्या घेवडा, 2016.”

“सांगलीचा बेदाणा, 2016. सांगलीची हळद, 2018. दोन-दोन बरोबरी,” तात्यांनी बोटं मोडली. “आणि मिरजेची सतार, मिरजेचा तंबोरा, 2024. चार-दोन.”

“सतार खाता येते का?”

“तुमचा घेवडा वाजवता येतो का?”

“तात्या, आधी हे सांगा,” अण्णा भाकरी हातात धरून म्हणाले, “कृष्णा उगम पावते कुठं? महाबळेश्वरात. म्हणजे तुमच्याकडं येतं ते पाणी आमचं वापरून झालेलं.”

“म्हणून तर हितं आल्यावर त्याला चव येती,” तात्या शांतपणे म्हणाले.

मी विषय बदलायला पुण्याचं नाव काढलं. पुण्याचं नाव काढलं की ही दोन माणसं एक होतात. भाचा भाबडेपणानं म्हणाला, “चितळे मात्र पुण्याचेच.” दोघांनीही पानावरून माना वर केल्या. “भिलवडी,” तात्या म्हणाले. “आमच्या पलूस तालुक्यातली भिलवडी. 1939 साली भास्कर गणेश चितळ्यांनी दुधाचा धंदा तिथं सुरू केला. पुण्यातलं दुकान नंतरचं.” “आणि 1939 साली भिलवडी होती सातारा जिल्ह्यात,” अण्णांनी पूर्ण केलं. पुण्याविरुद्ध जुळलेली आघाडी या वाक्यापुढं टिकली नाही.

मग विहीणबाईंनी भडंगाचा डबा मधोमध ठेवला. चिरमुरे फुगीर, तेलावर लालभडक तिखट आणि ठेचलेला लसूण कुरकुरीत होईस्तोवर परतलेला, कढीपत्ता, शेंगदाणे. चिरमुरा मऊ पडू न देता त्याला तेल पाजायचं, हे त्यातलं कसब. कागदावर घेतलं तर कागद तांबडा व्हायला हवा, पण हाताला ओघळ लागता कामा नये. तात्यांनी भाच्याला कागद उन्हाकडं धरून दाखवला. भाच्यानं तो डाग निरखून पाहिला आणि म्हणाला, “आमच्याकडं इपोह आहे ना, तिथं पण असंच.”

इपोह हे मलेशियातलं, पेराक राज्यातलं गाव. एकेकाळी कथलाच्या खाणींवर गबर झालं, खाणी बसल्या आणि आता खाण्यावर नाव टिकवून आहे. सिंगापूरची माणसं सुट्टी काढून तिथं कोंबडी आणि मोडाचे मूग खायला जातात. भाचाही गेलेला. तिथला मोड जाडजूड आणि करकरीत असतो. भोवती चुनखडीचे डोंगर आहेत, त्या डोंगरांच्या पाण्यानं तो तसा येतो, असं तिथला प्रत्येक माणूस शपथेवर सांगतो. कॉफीच्या बिया तिथं मार्गारिन घालून भाजतात आणि तिला पांढरी कॉफी म्हणतात.

“पाणी!” अण्णा आणि तात्या एकदम म्हणाले.

“बघा,” अण्णा मांडी बदलून म्हणाले, “भाजण्यात आहे सगळं. त्यांनी बी भाजलं, आपण खवा. आणि दुकानं किती तिथं?”

“भरपूर. आणि खरं जुनं कुठलं यावरून भांडणं.”

“कोण भांडतं?”

भाच्यानं जरा विचार केला. “दुकानदार नाही भांडत. त्यांना वेळ नसतो. बाकीचे. तिथं मला एक म्हातारे भेटले होते. चायनीज. कॉफीच्या दुकानात शेजारी बसले होते. मी कप उचलला तर त्यांनी माझं मनगट धरलं.”

तात्या हसले, अण्णा हसले नाहीत. त्यांनी गंभीरपणे विचारलं, “कपाचा वास आधी घ्यायला लावला का नाही?”

“लावला.”

“जाणता माणूस,” अण्णा म्हणाले आणि तेव्हा कुठं त्यांनी वांग्याला हात घातला.

तिथं बसल्या बसल्या मला एक गोष्ट पटली. पेढा कढईवरच्या त्या माणसानं केला आणि भडंग विहीणबाईंनी. दोघांनाही त्यावर चार वाक्यंसुद्धा बोलायची हौस नाही. पण गावाचं नाव त्या कढईनं होत नाही. गावाचं नाव होतं ते पाहुण्याचं मनगट धरणाऱ्यांमुळं. एका पेढ्याला पाऊण तासाचं भाषण जोडून त्याची किंमत वाढवणारा माणूस फुकट काम करतो, पगार मागत नाही, आणि भूक लागलेल्या माणसाच्या शिव्या मात्र खातो. अशी माणसं नसलेली गावंही चांगलं खातात. फक्त ते कुणाला कळत नाही.

परतीच्या वाटेवर रात्र झाली होती आणि इस्लामपूर आलं. भाच्यानं न विचारता गाडी थांबवली. अण्णांनी घड्याळ पाहिलं, मान डोलावली, आणि अख्खा मसूर खरोखरच रात्रीचा खायचा असतो हे त्या रात्री सिद्ध झालं. अण्णांनी दीड रोटी तपासली.

भाचा सिंगापूरला गेला त्याला आता महिना झाला. जाताना मी अण्णांच्या नकळत त्याच्या बॅगेत पेढ्यांची पेटी सरकवली होती. परवा त्याचा फोन आला. ऑफिसातल्या मंडळींनी म्हणे पेटी पाहिली, हात पुढं केले, आणि यानं झाकण लावून टाकलं. “मी त्यांना सांगितलं, इथं खाऊन त्याची चव कळायची नाही. साताऱ्याला चला, सकाळी, उपाशी. मग बघू.” पेटीचं काय झालं, असं मी विचारलं. म्हणाला, “रोज रात्री अर्धा. तपासायला.”

मी भिंतीपाशी जाऊन अण्णांना ही हकिगत सांगितली. त्यांना भरून आलं. पोरगं तयार झालं, म्हणाले. वेशीबाहेर पेढा नेल्याबद्दल एक शब्दही बोलले नाहीत. जरा वेळानं मात्र पुन्हा त्यांचा आवाज आला.

“पेटी कुठल्या दुकानाची होती?”

मी दुकान सांगितलं.

“अरारारा,” अण्णा म्हणाले. “पलीकडच्यातली घ्यायची की हो!”